हमखास गुण येईल

दुकानदार : हसू नकोस, आधी हा कागद नीट बघ. जुन्या पंचांगाचं मागचं पान आहे. अर्धं पान एकाच औषधाला दिलंय. वर मालकाचं चित्र, डोक्यावर पगडी, छातीवर पदक. त्याखाली कुठल्याशा मामलेदाराचं प्रशस्तिपत्र. मग बाटलीची किंमत, टपालखर्च निराळा, गिरगावातल्या चाळीचा पत्ता खोली नंबरासकट, आणि तळाशी ठळक अक्षरांत ताकीद की नकली मालापासून सावध, आमची सही पाहूनच घ्या. तुला यात फसवणूक दिसते. मला दुकान दिसतं. गिऱ्हाईक आयुष्यात कधी भेटणार नाही हे माहीत असलेल्या माणसाने कागदावर मांडलेलं दुकान.

डॉक्टर : पगडीला माझी हरकत नाही, काका. हरकत आहे ती पगडीखालच्या यादीला. खोकला, दमा, मूळव्याध, अंगातली कडकी, बायकांचे विकार, विंचू चावला तरी हेच, आणि सगळ्यांवर हमखास गुण. एवढ्या सगळ्यावर चालणारं औषध यातल्या कशावरच चालत नसणार, हे कळायला डॉक्टर व्हावं लागत नाही. तुम्ही अक्षरं किती सुबक आहेत ते बघता. मी त्या अक्षरांवर विश्वास ठेवून ज्याने महिनाभर खरा इलाज पुढे ढकलला, त्याचा विचार करते.

दुकानदार : बरं, बाटली घटकाभर बाजूला ठेव. गिऱ्हाईक कोण ते बघू. १२ एप्रिल १८६७ ला विरारहून मुंबईच्या बॅकबे स्टेशनाकडे गाडी सुरू झाली. १८७७ त टपालखात्याने व्ही.पी. आणली. पोस्टमनने पुडकं दारात आणायचं, पैसे मोजून घ्यायचे, मग हातात द्यायचं. त्याआधी आगाशीचा किंवा निर्मळचा बागायतदार औषध कुठून घ्यायचा? गावच्या वैद्याकडून, काष्ठौषधीच्या दुकानातून, नाहीतर जत्रेत पथारी टाकून बसलेल्या वैदूकडून. वैद्याची सात पिढ्यांची कुंडली गावाला पाठ असायची. गुण आला नाही की विहिरीवर बायका त्याचा उद्धार करायच्या. रेल्वे आणि टपाल आल्यावर औषध गावात आलं, पण औषधामागचा माणूस आला नाही. मग तो कागदावर धाडावा लागला. पगडी, पदक, मामलेदार, खोली नंबर, सही. हे सगळं त्या माणसाच्या ऐवजी.

मुंबईत ज्यांच्याकडे मोक्याची जागा होती त्यांना हा खटाटोप कमी करावा लागला. केम्प अँड कंपनी हे इंग्रजी थाटाचे केमिस्ट. त्यांचं दुकान होतं तो नाका केम्प्स कॉर्नर झाला. आता तिथे औषधाची बाटली नाही, पण टॅक्सीवाल्याला नाव सांगितलं की तो मीटर टाकतो. याहून मोठी पाटी कोणी लावली असेल तर सांग.

डॉक्टर : तुमच्याच बोलण्यात गोम आहे. विहिरीवरच्या बायका वैद्याला धाकात ठेवायच्या. कागदावरच्या पगडीला धाकात कोण ठेवणार? चित्राचा ब्लॉक करून घेता येतो, पदक काढता येतं, मामलेदार कुठल्या तालुक्याचा हे लिहिलेलंच नसतं. खऱ्याला याचा जेवढा खर्च, तेवढाच खोट्याला. आणि प्रशस्तिपत्राचं म्हणाल, तर मेलेला रोगी पत्र लिहीत नाही. बहुतेक दुखणी आठ-पंधरा दिवसांत आपोआप ओसरतात. शेवटच्या दिवशी हातात जी बाटली असेल तिला श्रेय मिळतं.

हे फक्त आपल्याकडचं नव्हे. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने १९०९ मध्ये विलायतेतल्या अशा गुप्त औषधांची रासायनिक तपासणी करून पुस्तकच काढलं. बीचमच्या गोळ्या तेव्हा जगभर खपायच्या, हिंदुस्थानातही. आत काय निघालं? कोरफडीचा बोळ, सुंठ आणि साबण. डबीतल्या मालाची किंमत अर्धी फार्दिंग, म्हणजे पेनीचा आठवा हिस्सा. डबी विकली जायची साडेतेरा पेन्सला. शंभरपटीच्या वर. बाकीचे पैसे गेले कुठे? बऱ्याच अंशी भिंतींवर आणि वर्तमानपत्रांत.

दुकानदार : शंभरपटीवर तू फार जाऊ नकोस. कंपनीची गोळी आणि तीच गोळी जेनेरिक, दोन्हींची माझी खरेदी आणि त्यांच्यावर छापलेली किंमत समोरासमोर मांडली तर तुलाच अवघडल्यासारखं होईल. आणि सगळेच बोळ आणि साबण विकत नव्हते. बाटलीवाला डॉक्टरांची वरळीला प्रयोगशाळा होती. हिवतापाचं मिक्श्चर, गोळ्या, गजकर्णाचं मलम, दंतमंजन, सगळ्याच्या जाहिराती ते करायचे. हिवतापाने कुडकुडणाऱ्या माणसाला औषध कुठे मिळतं हे छापील कागदाने सांगितलं, तर त्यात पाप काय झालं?

किंवा अमृतांजन घे. काशीनाधुनी नागेश्वरराव हे आंध्रचे गृहस्थ, १८९३ त त्यांनी ते मुंबईत काढलं. पिवळा बाम. त्यांनी काय केलं, तर गाण्याच्या मैफलींत तो फुकट वाटला. रात्रभर बैठक, दिव्यांचा धूर, डोकी चढलेली. लावा कपाळाला आणि बघा. ना पगडी, ना मामलेदार. माझ्या मते औषध विकण्याची यापेक्षा सरळ रीत नाही.

डॉक्टर : मान्य. पण ती सरळ का राहू शकली ते बघा ना. डोकं दुखतंय की थांबलंय हे दहा मिनिटांत ज्याचं त्याला कळतं. बामवाल्याला लबाडी परवडत नाही. आता प्लेग घ्या. १८९६ त मुंबईत प्लेग आला. त्यावरचं औषध घेतलेला माणूस जगला तर औषधाने, मेला तर उशीर झाला म्हणून. क्षयाचं तेच. तान्ह्या बाळाच्या टॉनिकचंही तेच. डोंगरे बालामृत घराघरांत होतं, माझ्या पणजीच्या फडताळातही असेल. मी त्याला वाईट म्हणत नाही. पण बाळ एरवीही वाढतंच, आणि आईला ते न पाजता वाढलेलं तेच बाळ शेजारी ठेवून बघता येत नाही. जिथे पडताळा घेता येत नाही, तिथे जाहिरातीचा आवाज चढतो. तुमच्या संग्रहातले कागद असे लावून बघा, एका टोकाला डोकेदुखी आणि दुसऱ्या टोकाला अशक्तपणा. अक्षरं मोठी होत जातात.

मला यावर नेहमी गार्सिया द ओर्ता आठवतो. पोर्तुगीज वैद्य, गोव्यात राहायचा, मुंबई बेट त्याच्याकडे खंडाने होतं. आपली वसई तेव्हा पोर्तुगिजांचीच. इथल्या औषधींवरचं त्याचं पुस्तक १५६३ त गोव्यात छापलं गेलं, आणि ते सगळं संवादात आहे. एक बोलणारा तो स्वतः, दुसरा रुआनो नावाचा कल्पित पाहुणा, जो ओर्ताला प्रश्नांवर प्रश्न विचारतो. औषधाबद्दल बोलायचं तर शंका काढणारा माणूस त्याच पानावर हवा, असं मी त्यातून घेते. तुमच्या या कागदांवर पगडीवाला एकटाच बोलतोय.

दुकानदार : रुआनोसुद्धा ओर्तानेच लिहिलेला आहे, हे विसरू नकोस. त्याने कधी अडवायचं आणि कधी गप्प बसायचं, हे ओर्ताच ठरवणार. डॉक्टर लोक स्वतःला शंका विचारतात त्या बहुधा अशाच, उत्तर तयार असलेल्या.

आणि पडताळ्याचं म्हणशील, तर प्लेगच्या साली तुझ्या विद्येकडे तरी काय होतं? हाफकिनची लस १८९७ त आली, तीही रोग होऊ नये म्हणून. गाठ आलेल्या माणसाला द्यायला खऱ्या डॉक्टरकडेही काही नव्हतं. पण मला निराळंच सांगायचंय. या जाहिरातींनी असं एक काम केलं जे ना गावच्या वैद्याला जमलं, ना सरकारी दवाखान्याला. लोक जे बोलूच शकत नव्हते त्याला त्यांनी शब्द दिले. जामनगरच्या मणिशंकर गोविंदजींच्या आतंकनिग्रह गोळ्या देशभरच्या वर्तमानपत्रांत असायच्या, आणि सोबत कामशास्त्राचं पुस्तक फुकट. एका कार्डाच्या खर्चात. सोपाऱ्याच्या एखाद्या तरुणाला त्या काळी लग्नाआधी काही विचारायचं असेल, तर विचारणार कोणाला? बापाला? भटजींना? पाद्रीबाबांना कबुलीत सांगितलं तर प्रायश्चित्त मिळेल, उत्तर नाही. टपालातून बंद पाकिटात उत्तर यायचं. चूक असेल, पण यायचं.

डॉक्टर : तुमचा हाच कागद मला सगळ्यात विषारी वाटतो. उत्तर नव्हतं ते, भीती होती, आणि भीतीबरोबर तिच्यावरची गोळी. माझा दवाखाना नालासोपाऱ्याला पूर्वेला आहे. आजही महिन्यातून काही पोरं येतात. वय अठरा-वीस. केस पेपरवर लिहितात अंगदुखी. आई बाहेर बसलेली असेल तर आवाज आणखी खाली. मग कळतं की गाढ झोपेत निसर्गाने जे होतं, त्यालाच तो रोग समजतोय. धातू जातोय, हाडं पोकळ होतील, लग्न झालं तर फजिती होईल. हे त्याच्या डोक्यात कोणी घातलं? विरार लोकलच्या डब्यात, दाराशेजारी, पंख्याखाली चिकटवलेल्या कागदाने. मोबाइल नंबर, 'गुप्त सल्ला', वर सिंहाचं तोंड. तुमच्या मोफत पुस्तकाचाच नातू तो. आधी रोग विकतो, मग औषध. त्या पोराला काही झालेलंच नसतं, काका. मी वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन दाखवते. तो मान हलवतो आणि त्याला पटत नाही, कारण माझ्याकडे बाटली नाही.

दुकानदार : सिंहाच्या तोंडाचं समर्थन मी करणार नाही. पण तुला त्याच काळातला दुसरा माणूस दाखवतो. र. धों. कर्वे. १९२१ त त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, जुलै १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक. भीती न घालता, जे शास्त्राने माहीत होतं ते सांगायचे, आणि साधनांच्या जाहिरातीही मासिकात करायचे. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली, तरी दंड झालाच. त्याच वर्षांत प्रतिष्ठित वर्तमानपत्रं ताकदीच्या गोळ्यांच्या जाहिराती राजरोस छापत होती. खोटं बोलणाऱ्याला अर्धं पान, खरं सांगणाऱ्याला कोर्टाची तारीख. मग सांग, जाहिरातीवर राग होता तो खोटेपणाचा, की उघड बोलण्याचा?

डॉक्टर : दोन्हींचा. आणि कायद्यातही ते दोन्ही मिसळले गेले. १९५४ चा औषधे व जादूचे उपाय, आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा. त्यातलं कलम ४ खोट्या आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल आहे, ते तुम्हीही नाकारणार नाही. पण कलम ३ खऱ्याखोट्याचा प्रश्न विचारतच नाही. ते रोगाचं नाव बघतं. परिशिष्टात चोपन्न दुखणी आहेत. कर्करोग, मधुमेह, मोतीबिंदू, बहिरेपणा. यांवर इलाज म्हणून जाहिरात करायचीच नाही. ते योग्य आहे, कारण मधुमेह झालेल्याने जाहिरात वाचून स्वतःच औषध ठरवू नये. पण त्याच कलमात पहिली बंदी गर्भपात आणि संततिनियमनाच्या जाहिरातींवर आहे, आणि तिच्या लगेच खाली कामशक्तीच्या औषधांवर. कर्वे १९५३ त गेले. कायदा दुसऱ्याच वर्षी आला आणि त्याने त्यांना आणि सिंहवाल्याला एका ओळीत उभं केलं. हे मला तुमच्याकडून ऐकायच्या आधीही टोचत होतं.

तरी कायदा नको असं मी म्हणणार नाही. हमदर्द दवाखान्याने त्याला आव्हान दिलं, तेव्हा १९५९ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की असली जाहिरात म्हणजे घटनेतलं भाषणस्वातंत्र्य नव्हे, तो व्यापार आहे. काही तरतुदी रद्द केल्या, पण गाभा ठेवला.

दुकानदार : आणि त्याच न्यायालयाने १९९५ त, टाटा प्रेसच्या यलो पेजेसच्या खटल्यात, व्यापारी जाहिरातीलाही अभिव्यक्तीचं संरक्षण आहे म्हटलं. ऐकणाऱ्यालाही माहिती मिळवण्याचा हक्क असतो म्हणून. हमदर्दचा निकाल त्यांनी बाजूला ठेवला तो बंदी घातलेल्या औषधांपुरता आहे असं म्हणून, ते मला माहीत आहे. पण ऐकणाऱ्याचा हक्क हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. माझ्या पंचांगवाल्या गिऱ्हाइकाचा तोच हक्क होता.

कायद्याने प्रत्यक्षात काय झालं ते मी काउंटरच्या या बाजूने पाहिलंय. शब्द गेले, इशारे आले. 'रोग' म्हणायचं नाही, 'जोम' म्हणायचं. घोडा काढायचा, पहिलवान काढायचा, उगवता सूर्य काढायचा. आणि इंग्रजी औषधांची जाहिरात? ती बंद झालीच नाही, आतल्या खोलीत गेली. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही ते औषध लोकांना दाखवायचं नाही, म्हणून कंपनीने ते डॉक्टरला दाखवलं. पेनस्टँड, भिंतीवरचं घड्याळ, परिषदेचं विमानाचं तिकीट. २०२४ त सरकारला औषध कंपन्यांसाठी नव्याने आचारसंहिता काढावी लागली, भेटवस्तू देऊ नका म्हणून. पंचांगातला माणूस निदान सगळ्यांसमोर फुशारकी मारायचा. शेजारी, वैद्य, मास्तर, कोणीही ती वाचून हसू शकायचा. तुझ्या टेबलावर काय सांगितलं जातं ते रोग्याला कधी ऐकू येतं?

डॉक्टर : हे लागलं. माझं घड्याळ कोणी दिलंय ते विचारू नका. तरी फरक आहे. डॉक्टरने संशोधन वाचायचं, तपासायचं, असं त्याच्याकडून धरलेलं असतं. तो ते करत नसेल तर दोष त्याचा. आगाशीच्या बागायतदाराकडून कोणी असं धरलेलं नव्हतं.

आणि सगळ्यांसमोर फुशारकी मारायचा म्हणता, तर हसायचं कोणी? वर्तमानपत्रं हसली नाहीत. 'केसरी'सारखी राष्ट्रीय पत्रंसुद्धा औषधांच्या जाहिराती घेत होती. तुमच्या अमृतांजनवाल्या नागेश्वररावांनी १९०८ त मुंबईतच 'आंध्रपत्रिका' काढली, बामाने पैसा दिला म्हणून. चांगलं झालं. पण मग औषधाबद्दल रोखठोक लिहिणार कोण? ज्याच्या पैशावर अंक निघतो त्याला प्रश्न विचारला जात नाही. गांधींनी 'यंग इंडिया' आणि 'नवजीवन'मध्ये जाहिरातीच घेतल्या नाहीत, ते मला उगाच केलेलं व्रत वाटत नाही.

दुकानदार : गांधींना ते जमलं, कारण ते गांधी होते. मराठीत पहिला दिवाळी अंक 'मनोरंजन'ने १९०९ त काढला. तेव्हापासून आजपर्यंत जाहिरातीशिवाय दिवाळी अंक चालवून दाखवणारा मला भेटायचाय. इथल्या अंकांना मी दरवर्षी अर्धं पान देतो. त्यात काय असतं माहीत आहे? दुकानाचं नाव, फोन नंबर, खाली 'शुभेच्छुक'. बस. कुठल्याच रोगाचं नाव नाही, कुठलाच दावा नाही. कायद्याच्या दृष्टीने इतकी स्वच्छ जाहिरात दुसरी नसेल. आणि तिच्यातून वाचणाऱ्याला कवडीचीही माहिती मिळत नाही. दुकानावर पाटी आहे ती वीस टक्के सूट आणि घरपोच सेवा यांची. माझ्या वडिलांच्या वेळी दुकानात मिक्श्चर बनायचं. बाटलीला कागदाची पट्टी चिकटवायची, तिला कात्रीने खाचा पाडायच्या, एक खाच म्हणजे एक डोस. गिऱ्हाईक ती पट्टी बघून समजायचं की हे औषध माझ्यासाठी मोजलंय. आज मी औषधाबद्दल काहीच बोलत नाही, फक्त किमतीबद्दल बोलतो. प्रामाणिक झालो, की मुका झालो?

डॉक्टर : मुकं राहू नका. बोला, पण आधी सिद्ध करा. माझी मागणी एवढीच आहे, की दावा छापण्याआधी पुरावा दाखवायचा. छापून, विकून, चार वर्षांनी कोर्टात माफी मागायची हे नाही चालणार. आयुर्वेदिक औषधांसाठी २०१८ त तसा नियम आला होता, नियम १७०, जाहिरातीला आधी मंजुरी घ्यायची. २०२४ त केंद्र सरकारने तोच काढून टाकला आणि त्यावरून सर्वोच्च न्यायालयात ओढाताण झाली. म्हणजे शंभर वर्षांनीही आपण त्याच पानावर आहोत.

दुकानदार : मंजुरी देणार कोण? १९२७ त अशी समिती बसली असती तर तिच्यावर कोण असतं? दोन रावबहादूर, एक सिव्हिल सर्जन, एक निवृत्त न्यायाधीश. त्यांनी आतंकनिग्रहाला सौम्य शब्दांत लिहायला सांगून मंजुरी दिली असती, आणि कर्व्यांचा अर्ज वाचूनही पाहिला नसता. पुरावा मागणाऱ्यालाही लाज असते, डॉक्टर. ती पुराव्याच्या आधी निकाल देते.

डॉक्टर : आणि समिती नसेल तर लोकलच्या डब्यात सिंह. तुमचं दुकान तर स्टेशनच्या वाटेवर. असा पोरगा येतो की नाही, त्या कागदावरचं औषध मागायला?

दुकानदार : येतो. नाव उच्चारत नाही. मोबाइलवरचा फोटो दाखवतो. चिठ्ठी लागत नाही, मी देतो. नाही दिलं तर पलीकडच्या दुकानातून घेईल.

डॉक्टर : त्याला सांगत नाही, की बाबा, तुला काही झालेलं नाही?

दुकानदार : मागे चार जण उभे असतात. एक त्याच्या इमारतीतली बाई असू शकते. तिच्यासमोर काय सांगू? तू तुझ्या दवाखान्याच्या पाटीवर लिही ना. ठळक अक्षरांत, धातू जाणं हा रोग नाही, येऊन विचारा, फी नाही.

डॉक्टर : आमच्या परिषदेचे नियम डॉक्टरला रोगी ओढणारी जाहिरात करू देत नाहीत.

दुकानदार : म्हणजे ज्याला माहीत आहे त्याने गप्प बसायचं, आणि ज्याला माहीत नाही त्याला चर्चगेट ते विरार अख्खी गाडी मोकळी. मग नाव न घालता लिहून दे. मी काउंटरला चिकटवतो.

डॉक्टर : उद्या देते. पण त्यावर लिहू काय? तुमचा पंचांगवाला रोगाचं नाव घ्यायचा आणि शेजारी बाटली ठेवायचा. वाचणाऱ्याच्या हाताला काहीतरी लागायचं. माझ्या कागदावर रोग नाही, बाटली नाही आणि तुम्ही म्हणता नावही नाही. घाबरलेलं पोर असा कागद वाचायला थांबेल?

दुकानदार : नाव घाल.

डॉक्टर : नाव घातलं की परिषद विचारेल. आणि परिषद गप्प बसली तर महिनाभरात शेजारचा दवाखाना तसाच कागद लावेल, थोड्या मोठ्या अक्षरांत, खाली तपासणीचं पॅकेज टाकून. माझा खरा आणि त्याचा धंद्याचा, हे तुमच्या काउंटरसमोर उभ्या असलेल्या पोराने कशावरून ओळखायचं?